तो टायमर मी परत दिला, दादा

दादा,

तुझ्या क्लासचे लोक स्मरणिका काढून राहिलेत. मुखपृष्ठावर तुझा तो फोटो आहे, हातात खडू, मागे फळ्यावर लंबकाची आकृती. परवा तिथल्या एका सरांचा फोन आला. "आत्या, चार ओळी लिहा. बहिणीच्या नजरेतून सर कसे होते, एवढंच." मी हो म्हटलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, मी जे लिहीन ते हे लोक छापणार नाहीत, आणि त्यांनी छापू पण नये. म्हणून म्हटलं तुलाच लिहावं. जिवंत होतास तेव्हा तू मला या विषयावर एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता मधे बोलायला तू नाहीस.

जलदान विधीला माणसं मावत नव्हती. मांडव रस्त्यापर्यंत गेला होता. नांदेडहून आपली सगळी वस्ती आली, उदगीर, परभणी, माहूरकडची तुझी जुनी पोरं आली. कोण डॉक्टर, कोण तहसीलदार, कोण पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता, आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

मलाही बोलायला बोलावलं. मी हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बहिणीला दुःख आवरत नाही.

दुःख आहेच. ते कुठं जाणार. आपल्या दोघांच्या मधे माय-बाबांनी एक भिंतीतलं कपाट दिलं होतं, वरचा कप्पा तुझा, खालचा माझा. बाबांच्या गिरणीचा भोंगा झाला की आपण उठायचो आणि एका कंदिलाच्या दोन बाजूंना बसायचो. गणितात मी अडले की तू माझी पाटी ओढून घ्यायचास, उत्तर सांगायचा नाहीस, नुसती पुढची पायरी लिहून पाटी परत ढकलायचास. लातूरच्या हजारो पोरांना तू पुढं जे शिकवलंस, ते आधी माझ्या पाटीवर शिकवून पाहिलंस.

आणि देगलूर. ते मी कसं विसरू. मी मॅट्रिक झाले आणि बाबांनी देगलूरचं स्थळ पक्कं केलं. माणसं चांगली होती, घरचं शेत होतं, बाबांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. तू तेव्हा स्वतः बीएस्सीला होतास. कुणाला न सांगता एसटीनं देगलूरला गेलास आणि त्या मुलाच्या वडिलांसमोर बसून म्हणालास, "तुमचा मुलगा चांगला हाय, त्याला दुसरी पोरगी भेटंल. आमची सुमन शिकणार हाय." त्यांनी तुला जेवू घालून परत पाठवलं म्हणे. बाबा मात्र कितीतरी महिने तुझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी पदवी घेतली, रेल्वेच्या कार्यालयात लागले, तिथूनच सन्मानानं निवृत्त झाले. हे सगळं तुझ्या त्या एका एसटीच्या प्रवासामुळं.

एवढं कबूल करून मग मी पुढचं लिहिते.

तुझा नाद मला पहिल्यापासून माहीत होता. कॉलेजात असताना नांदेडात वजिराबादेतल्या एका स्टुडिओत तू फावल्या वेळात काम केलंस, आणि तिथून जो कॅमेरा गळ्यात पडला तो शेवटपर्यंत. पण तुझं वेड कॅमेऱ्याचं नव्हतंच. तू म्हणायचास, "कॅमेरा कुणी फेकत न्हाई, सुमे. फेकतात ते त्याच्या सोबतचं. म्हणून कॅमेरा सापडतो आणि त्याचं सामान सापडत न्हाई." ऊन अडवायला लेन्सवर बसवायची पत्र्याची टोपी, पिवळ्या-हिरव्या काचा, वरून लावायचं छोटं दुर्बिणीसारखं शोधकभिंग, उजेड मोजायचं विनाबॅटरीचं यंत्र, जपानी पंख्यासारखा उघडणारा फ्लॅशचा तवा. एकेका वस्तूसाठी तू वर्षानुवर्षं थांबायचास.

सुट्टी मिळाली की आपण हैदराबादच्या जुमेरात बाजारात जायचो. गंजलेली कुलुपं, नळाच्या तोट्या, घड्याळांची पोटं, आणि त्यात कुठंतरी तुझी एखादी पितळी रिंग. तू पुढं गेलास की दुकानदार ओळखायचा, गिऱ्हाईक अडकलेलं आहे. म्हणून मला पुढं पाठवायचास. मी कात्रीची चौकशी करायची, अडकित्ता उलटसुलट बघायचा, आणि उठता उठता म्हणायचं, "भाईजान, ये डिब्बी का ढक्कन कायका है?" परतीच्या गाडीत तू ती वस्तू रुमालात धरून बसायचास, आणि तिचा स्क्रूसारखा आटा बोटानं चाचपून ती कोणत्या देशातली, कोणत्या कॅमेऱ्याची हे मला सांगायचास. जुन्या मखमली ब्लाउजच्या पिशव्या मी शिवल्या त्या सामानाला. मलाही आवडायचं ते सगळं. उगाच कशाला नाही म्हणू.

पण माहूरला मला पहिल्यांदा खटकलं. गडाच्या पायथ्याशी यात्रेकरूंचे फोटो काढणारा एक म्हातारा होता, मागे रंगवलेला पडदा, पुढे तिपाईवर जुना कॅमेरा. त्याच्या लेन्सवरची टोपी बघून तुझे डोळे बदलले. तू त्याला नवी टोपी दिलीस आणि ती जुनी घेतलीस. म्हणालास, तुमची झिजली आहे, माझ्याकडं जास्तीची आहे. तो तुझ्या पाया पडायला निघाला होता. बसमध्ये मी विचारलं, "त्याला सांगितलं का न्हाई, ती किती दुर्मिळ हाय ते?" तू म्हणालास, "त्याला उन्हाला आडोसा पाहिजे होता. तो भेटला त्याला. ती काय हाय ते त्याला कुठं कळत होतं."

कळतं त्याचीच वस्तू. हा तुझा कायदा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग भूकंप झाला. त्या पहाटे नांदेडलासुद्धा फळीवरची भांडी वाजली. तू तेव्हा लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतास. दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्यांबरोबर घोंगड्या आणि औषधं घेऊन किल्लारीला गेलास, गळ्यात कॅमेरा होताच. तिथल्या अधिकाऱ्यांनी तुला ओळख न पटलेल्या मृतांचे फोटो काढायला सांगितले, म्हणजे नंतर नातेवाईक आले तर दाखवता येतील. पावसात, चिखलात तू ते काम केलंस. फिल्म स्वतः धुतल्यास, प्रिंट काढून दिल्यास, एकही चित्र घरी ठेवलं नाहीस. त्या कामाबद्दल मी आजही तुझ्यापुढं मान लववते. ते काम करायला दुसरा कुणी तयार नव्हता.

आठवडाभरानं तू नांदेडला आलास तेव्हा तुझ्या कपड्यांना जंतुनाशक पावडरचा वास होता. अंगणात बसून राहिलास. माय ताट घेऊन समोर बसली, तू घास उचलून परत ठेवायचास. दुसऱ्या दिवशी दुपारी मला खोलीत बोलावलंस आणि रुमाल उघडलास.

काडेपेटीहून लहान, निकेलची एक डबी. एका बाजूला चावी, खाली बारीक आटा.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"चावीचा टायमर. जर्मन हाय. हैदराबादेत आपण कधीपास्नं शोधून राहिलो की."

तू चावी फिरवलीस. आत घरघर सुरू झाली, आणि ती संपताना खालून एक बारीक पिन बाहेर आली. कॅमेऱ्याच्या बटणाला हे बसवायचं, चावी भरायची, आणि पळत जाऊन फोटोत उभं राहायचं. मग हा आपोआप बटण दाबतो. फोटो काढणाऱ्यालाही फोटोत येता येतं. हे तू मला अशा आवाजात सांगत होतास की आठवडाभरात पहिल्यांदाच तू माणसात आलास असं मला वाटलं.

"कुठं भेटला?"

"किल्लारीत. एका फोटोग्राफरचं घर पडलं होतं. कॅमेऱ्याचा पार चेंदा झाला होता. हा तेवढा शाबूत."

"आन् तो माणूस?"

"गेला."

"घरचे?"

रुमालाची घडी घालत तू म्हणालास, "कुणी न्हाई उरलं, सुमे."

मी म्हटलं, मग चावडीत जमा करायचा होता, सापडलेलं सामान लोक तिथं ठेवतायत असं तूच सांगितलंस. तू म्हणालास, "तिथं कुणीतरी खेळून मोडला असता. हे काय हाय ते कळणारं आता त्या गावात कुणी न्हाई. मला कळतं."

"कळतंय म्हणून आपलं होत न्हाई, दादा."

"तू वकील व्हायला पाहिजे होतीस," तू म्हणालास आणि रुमाल खिशात घातलास. आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि तुझ्या श्वासाबरोबर संपलं. संपलं पण कुठं म्हणा.

नंतरची वर्षं तुझी होती. लातूरचं नाव गुणवत्ता यादीत झळकायला लागलं आणि मराठवाडाभरची पोरं तिकडं धावली. गल्लीगल्लीत कॉट भाड्यानं मिळायला लागली, घरोघरी मेस निघाल्या, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे फलकांवर चढले. तू कॉलेज सोडलंस. एका पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये क्लास काढलास, खालची चक्की चालू झाली की तुझा आवाज ऐकू यायचा नाही म्हणून माईक आणलास. चक्कीवरून तीन मजल्यांच्या इमारतीत गेलास. आपल्या वस्तीतल्या पोरांना फी माफ होती, आणि तू त्यांना पहिल्या बाकावर बसवायचास. त्यांच्या आयांनी मला रस्त्यात थांबवून तुझ्यासाठी आशीर्वाद दिलेत. हे स्मरणिकेत येईल. यावंच.

तुझ्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं, आतून दिवे लावलेलं. त्यात तुझं सगळं सामान मांडलेलं, प्रत्येकाखाली तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. पालकांना वाटायचं ती प्रयोगशाळेची उपकरणं आहेत. परीक्षेला जाताना पोरं त्या काचेला हात लावून जायची. मी आले की एकेक कप्पा बघायचे. पंख्याचा फ्लॅश होता, माहूरची टोपी होती. टायमर नव्हता.

"तो का न्हाई ठेवला?" मी विचारलं.

"आत धूळ जाते त्याच्या," तू म्हणालास.

बंद काचेच्या कपाटात कुठली धूळ, दादा. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

पुढं एकदा तू फोनवर सांगितलंस, किल्लारीकडची एक मुलगी क्लासला आली आहे, नसरीन नाव, बाप भूकंपात गेलेला, लई हुशार, तिच्याकडून एक पैसा घेणार नाही. हॉस्टेलचं पण बघतो म्हणालास. मला तुझा अभिमान वाटला. ऑफिसात चार जणींना सांगितलं मी.

तिला मी पाहिलं ते भीमजयंतीला तुझ्या घरी. गावाला न गेलेल्या पोरांना तू जेवायला बोलावलं होतंस. दोन वेण्या घातलेली, बोलकी, वाढायला मदत करणारी मुलगी. जेवताना मी सहज विचारलं, वडील काय करायचे ग. ती म्हणाली, "फोटोग्राफर होते, आत्या. रसूल फोटोवाले म्हणायचे. गणपती विसर्जनाच्या फोटोची ऑर्डर होती म्हणून ते गावात थांबले. मला घेऊन अम्मी निलंग्याला तिच्या माहेरी गेली होती. म्हणून आम्ही दोघी राहिलो."

मग ती हसत हसत सांगायला लागली. निलंग्याच्या घरी असलेले त्यांचे फोटो तेवढे वाचले. सगळ्या फोटोंत अब्बा घाईत आहेत. एकात केस उडालेत, एकात एक पाय अजून हवेत आहे, एकात तर नुसता हात आलाय. "त्यांच्याकडं चावीचं कायतरी होतं. ते लावून पळत यायचे. त्याची घरघर ऐकून सगळ्यांना हसू फुटायचं, असं अम्मी सांगते. म्हणून आमच्या घरचे सगळे फोटो हसरे आहेत."

मी विचारलं, "ते चावीचं काय झालं मग?"

"ढिगाऱ्यात गेलं असेल."

मी तुझ्याकडं बघितलं. तू खिरीचं पातेलं घेऊन उभा होतास. "कुणाला वाढायचं राहिलं का?" म्हणालास आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरात गेलास. मुलीला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

पोरं गेल्यावर मी तुला गच्चीवर गाठलं. तू पाण्याची टाकी बघायचं निमित्त करून वर गेला होतास.

"तिला दे तो," मी म्हटलं.

"कसा देऊ? काय सांगून देऊ?"

"जे झालं ते सांगून."

"तिची परीक्षा तोंडावर हाय, सुमे. आत्ता तिच्या डोक्यात हे घालू का?"

"तुला कधी कळलं ती कोण हाय ते?"

"प्रवेशाला आली तेव्हाच. नाव वाचलं ना. दुकानावर पाटी होती त्यांच्या."

म्हणजे नावसुद्धा तुला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, "कुणी न्हाई उरलं म्हणाला होतास." तू टाकीचं झाकण लावत म्हणालास, "मला तेव्हा तसंच वाटलं होतं." आणि वर म्हणालास, "मी तिला डॉक्टर करून राहिलोय. एका डबीपेक्षा ते मोठं न्हाई का?"

"ते मोठं हाय. पण ते तुझं देणं. डबी तिच्या बापाची."

परीक्षेनंतर देतो म्हणालास. परीक्षा झाली, तिला वैद्यकीयला प्रवेश मिळाला. मग म्हणालास, जरा रुळू दे तिकडं. मग तिचं लग्न होतं, अशा वेळी कसं. मग वहिनीचं आजारपण आलं आणि तेव्हा मीच विषय काढला नाही. वहिनी गेल्यावर पुन्हा काढला, आणि म्हटलं, तुला जमत नसेल तर मी सांगते तिला. तेव्हा तू शांतपणे माझ्याकडं बघून म्हणालास:

"देगलूरला मी गेलो नसतो तर तू आज कुठं असतीस, सुमन?"

सुमे नाही म्हणालास. सुमन म्हणालास.

एवढ्या वर्षांत त्या गोष्टीचा तू एकदाही उल्लेख केला नव्हतास. मला वाटायचं, तू ते विसरलास, इतक्या सहज केलंस. नाही. तू ते जपून ठेवलं होतंस, आणि वेळ आली तशी काढून माझ्यासमोर ठेवलंस. त्या दिवसापासून मी लातूरला येणं सोडलं. रक्षाबंधनाला तुझा प्रशांत यायचा, त्याच्या हाती तुझी साडी यायची. मी राखी पाठवायचे. आपण दोघं फोनवर हवापाण्याचं बोलायचो.

आजारी पडलास तेव्हा आले. तोवर तू नळ्यांमध्ये होतास. आणि तुझ्यावर उपचार कोण करत होतं? डॉक्टर नसरीन. स्वतःचा दवाखाना बंद ठेवून ती त्या हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसायची. तुझं तोंड पुसायची, भिंतीकडं वळवलेलं तोंड हलक्या हातानं सरळ करायची. ती खोलीबाहेर गेली की मी खाली वाकून विचारायचे, "दादा, सांगू का तिला?" तू डोळे मिटायचास. ते हो होतं का नाही होतं, हे तुझं तुला माहीत.

विधीच्या दिवशी ती बोलायला उठली. म्हणाली, "मला बाप आठवत नाही. कुणी विचारलं, बाप कसा असतो, तर मी सरांचं नाव सांगायचे." मांडवातली सगळी माणसं रडली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही.

चार दिवसांनी प्रशांतनं तुझी खोली आवरायला घेतली. तुझा मुलगा सरळ आहे, त्याला यातलं काहीच माहीत नाही. म्हणाला, "आत्या, पुण्या-हैदराबादचे शौकीन लोक फोन करून राहिलेत, पण मी विकणार नाही. क्लासमध्येच पप्पांच्या नावानं संग्रहालय करतो. फीत तुम्ही कापायची." मी म्हटलं, कापणार नाही, आणि तुझ्या कपाटातून मखमलीची एक पिशवी मागून घेतली. शिवण माझीच होती, आत टायमर. टायमरला तू माझ्याच हातची पिशवी घातली होतीस, मला न विचारता.

ती घेऊन मी नसरीनच्या दवाखान्यात गेले. पेशंट संपेपर्यंत बाहेर बसले. मग आत जाऊन टेबलावर टायमर ठेवला आणि सगळं सांगितलं. नांदेडचा रुमाल, गच्ची, सगळं. फक्त देगलूर सांगितलं नाही, ते आपलं घरचं. तिच्या मागच्या भिंतीवर तुझा फोटो होता, तिच्या पदवीदानाच्या दिवशीचा, तिच्या खांद्यावर तुझा हात. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अम्मीकडं जाऊ या. तिला ओळखू येईल."

औशावरून आम्ही किल्लारीला गेलो. नवं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. नसरीनची अम्मी, हमीदाबी, बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. नसरीननं डबी त्यांच्या हातात दिली आणि काहीच सांगितलं नाही. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. चावीला हात घातला आणि डावीकडं फिरवली.

"हिची चावी उलटी फिरती," त्या म्हणाल्या. "लोकांला वाटायचं, बिघडलीय."

घरघर सुरू झाली. आम्ही तिघी ती संपेपर्यंत ऐकत बसलो. कुणी हसलं नाही.

"कुठं व्हती ही?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाकडं," मी म्हटलं.

"सरांकडं?"

मी मान हलवली. त्यांनी सुपातली फोलं बाजूला केली. मग ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती त्यांनी सांगितली.

"सर आले व्हते ना आमच्याकडं. पत्र्याच्या शेडात. भूकंपाला महिना झाला नव्हता, आम्ही नुकत्याच निलंग्याहून माघारी आलो व्हतो. सगळ्यांचे फोटो काढायचे व्हते सरकारी कामाला. मी म्हणलं, साहेब, तुम्ही फोटोवाले हाव, तुम्हाला समजंल. आमच्या ह्यांचं चावीचं एक मशीन व्हतं, एवढंसं. कुठं दिसलं तर द्या. दुसरं काय न्हाई भेटलं तरी चालंल. त्यांनी इचारलं, कसलं व्हतं, मी हातानं दावलं. म्हणले, न्हाई भाभी, न्हाई दिसलं. दिसलं तर आणून देतो." त्यांनी एक शेंग फोडली. "चहा पिऊन गेले. घरात साखर नव्हती, शेजारणीकडनं आणली मी."

नसरीन म्हणाली, "अम्मी, तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? लोक कायबी इचारत व्हते तवा एकमेकाला. मी पण इचारलं."

दादा, नांदेडला तू मला सांगितलंस तेव्हा कदाचित तुला खरंच वाटलं असेल की कुणी उरलं नाही. ते मी मानायला तयार आहे. ढिगाऱ्यातून उचललंस, तेही मी समजू शकते. प्रेतांचे फोटो काढून काढून माणूस वेडा होतो, एखादी चालती वस्तू हाताला लागली तर ती सोडवत नाही. पण महिन्याभरात ती बाई तुझ्यासमोर उभी राहिली. तिनं हातानं आकार करून दाखवला. आणि तू विचारलंस, कसलं होतं. तुला ठाऊक असताना विचारलंस. मग तिच्या उसन्या साखरेचा चहा प्यालास. कळतं त्याची वस्तू म्हणायचास ना? त्या बाईला तर चावी कुठल्या बाजूला फिरते तेसुद्धा कळत होतं.

हमीदाबी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मी म्हटलं, भावाच्या वतीनं माफी मागते. त्या म्हणाल्या, "तुम्ही आणून दिली की." मग डबी हातात फिरवत म्हणाल्या, "कॅमेरा तर न्हाई. आता हे कशाला लावू?" त्यांनी ती ओच्यात ठेवली आणि परत शेंगा फोडायला घेतल्या. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना नसरीन गाडी चालवत होती. मला वाटलं, ती तुझ्या फोटोचं बोलेल, भिंतीवर ठेवू का काढू असं विचारेल. ते तिनं काढलंच नाही. औसा मागं पडल्यावर समोर बघत म्हणाली:

"आत्या, सर सगळ्यांना रागवायचे. टॉपरला पण सोडायचे नाहीत, वही फेकून द्यायचे. मला मात्र एकदाही रागावले नाहीत. मी चुकले तरी मान खाली घालायचे आणि पुन्हा समजावायचे. मला वाटायचं, मी हुशार आहे म्हणून."

"हुशार होतीस म्हणूनच," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, मला बरं वाटावं म्हणून. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. ती पहिल्या प्रयत्नात पास झालेली डॉक्टर, लोक तिच्या हातात आपली पोरं देतात, आणि त्या दिवशी ती गाडीत बसून आपल्या एकेक मार्काचा हिशोब नव्यानं लावत होती. यातला कोणता माझा, कोणता त्या डबीचा.

टायमर मला परत देता आला, दादा. हे मी तिला कुठून परत देऊ? हे तूच सांगू शकला असतास, की तिची हुशारी खरी होती. आणि आज तू उठून आलास आणि सांगितलंस, तरी आता तिला ते खरं वाटणार नाही.

सुमन